वीज केंद्राचे गाणे

एकलहऱ्यात राहणाऱ्या माणसाला शांतता म्हणजे काय, हे बाहेरगावी मुक्काम पडल्याशिवाय कळत नाही. औष्णिक वीज केंद्राची घरघर आमच्या कानात जन्मापासून बसलेली आहे. १९७० आणि १९७१ साली इथे १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले, १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन उभे राहिले. पहिले दोन संच आता निवृत्त झाले, आमचे वडीलही निवृत्त झाले, पण ती घरघर काही निवृत्त झाली नाही. लग्नानंतर आमची सौ. पहिल्यांदा इथे राहायला आली तेव्हा रात्रभर जागी होती. आता ती माहेरी गेली की तिला झोप येत नाही!

सांगायची गोष्ट अशी, की दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी सौ. जेवायला हाका मारत होती आणि आमचे चिरंजीव कानाला हेडफोन लावून डुलत बसले होते. तीन हाका झाल्या, चौथीला आम्ही उठलो आणि हेडफोन काढून स्वतःच्याच कानाला लावला. आत नुसते घणाचे घाव, पत्रे फाटल्यासारखा आवाज आणि त्याखाली एकसुरी गुरगुर. ना शब्द, ना चाल.

"हे काय लावलंस रे?"

"पप्पा, हे सायबरपंक म्युझिक आहे. तुम्हाला नाही कळायचं."

तेवढ्यात वडिलांनी हात पुढे केला. त्यांची सारी नोकरी कोळसा हाताळणी विभागात झाली. त्यांनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि घटकाभराने म्हणाले, "अरे, हा तर आपला क्रशर! बेल्टवर कोळसा पडतोय आणि मधेच मोठा दगड आलाय."

सगळे हसले. पण आम्हाला हसून भागणार नव्हते. आम्ही आमच्या जयंती उत्सव समितीचे चिटणीस आहोत. तरुण मुलांनी यंदाच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी गाण्यांचा ट्रॅक तयार करण्याचे काम याच चिरंजिवांवर सोपवले होते, आणि ज्येष्ठ मंडळींनी डीजेला साफ नकार कळवला होता. दोन्ही बाजूंचे अर्ज आमच्याच टेबलावर! आम्ही पेशाने कारकून. एखादा कागद कळला नाही की कारकून त्यामागची सगळी फाईल काढून बसतो. तसे आम्ही या संगीताची मागची फाईल काढून बसलो. जे सापडले ते वाचकांसमोर ठेवतो, कारण असे हेडफोन आता घरोघरी आहेत.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'सायबर' हा शब्द सायबरनेटिक्स म्हणजे नियंत्रणशास्त्र यावरून आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून अर्थ आहे सुकाणू धरणारा. 'पंक' म्हणजे उनाड, वाया गेलेला पोरगा. १९७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या बंडखोर पोरांच्या गाण्याला हे नाव पडले होते. ब्रूस बेथके या अमेरिकन लेखकाने या दोहोंची गाठ घालून एका कथेला 'सायबरपंक' असे नाव दिले. ती कथा १९८३ मध्ये छापून आली. १९८४ साली विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी आली आणि या धाटणीच्या साहित्याचा बोलबाला झाला. संगणकांच्या जगाची ही कादंबरी त्यांनी साध्या हाताच्या टाईपरायटरवर लिहिली, हे वाचून आमच्यासारख्या टायपिंगची परीक्षा दिलेल्या माणसाला बरे वाटले.

या गोष्टींतले जग असे : उंच इमारतींत बसलेल्या अवाढव्य कंपन्या, खाली अंधाऱ्या गल्ल्या, वरून संततधार पाऊस आणि गल्लीतल्या गरिबांच्या हाती जुनी, दुरुस्त केलेली, इकडून तिकडून जोडलेली यंत्रे. यंत्रविद्या शिगेला पोचलेली, पण माणसाचे जिणे तळाला. १९८२ सालच्या 'ब्लेड रनर' या चित्रपटाने हे शहर पडद्यावर उभे केले. त्याचे संगीत वँगेलिस या ग्रीक संगीतकाराने सिंथेसायझरवर केले. पुढे १९९९ साली 'मेट्रिक्स' आला, २०२० साली 'सायबरपंक २०७७' हा खेळ आला. आमचे चिरंजीव या खेळाच्याच वाटेने तिथवर पोचले. असे शहर पाहायला लॉस एंजेलिसला जावे लागते असे आम्हाला वाटत नाही. मुंबईच्या कुठल्याही उड्डाणपुलाखाली पावसाळ्यात उभे राहिले तरी पुरे.

आता या पंथाच्या आवडीच्या संगीताकडे येऊ. त्यात अनेक धारा आहेत, पण उगमाकडे गेले की जर्मनीतला एक वाद्यवृंद भेटतो. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोघांनी १९७० साली ड्युसेलडॉर्फ शहरात तो काढला. जवळच रूरचे खोरे, म्हणजे कोळसा आणि पोलादाचा मुलूख. या वाद्यवृंदाचे नाव 'क्राफ्टवेर्क'. या जर्मन शब्दाचा अर्थ आम्ही शोधला आणि खुर्चीतच सरळ होऊन बसलो. क्राफ्टवेर्क म्हणजे वीज केंद्र! आम्ही ती गोष्ट वडिलांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग त्यात आमची काय चूक? आम्ही पण तीस वर्षं तेच वाजवलं."

या मंडळींनी पेटी-सारंगी बाजूला ठेवली आणि विजेपासूनच नाद काढला. तो कसा निघतो, हे वीज वसाहतीतल्या वाचकांना चटकन समजेल. आपल्याकडचा वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत मूळ दिशेवर येतो. २१० मेगावॅटच्या संचाचे टर्बाईन मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०, ते यासाठीच. या प्रवाहाने ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा आखडतो आणि सैल होतो. तोच आपण ऐकतो तो गुंजारव. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथला ट्रान्सफॉर्मर १२० वर गुंजतो. सिंथेसायझर हेच काम मुठीत घेऊन करतो. त्यातले मंडल विजेला हव्या त्या वेगाने हेलकावे देते. वेग वाढवला की स्वर चढतो, कमी केला की उतरतो. मग त्या नादातला नको तो भाग चाळणीने गाळावा तसा गाळतात आणि उरलेला भाग कर्ण्यात सोडतात. तार नाही, कातडे नाही, भाता नाही. वीज हेच वाद्य.

दुसरी धारा इंग्लंडमधून आली. १९७६ साली लंडनमध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या मंडळींनी आपली ध्वनिमुद्रिका कंपनी काढली आणि तिचे नावच 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ठेवले. त्यावरून या प्रकाराला 'इंडस्ट्रियल' म्हणजे औद्योगिक संगीत म्हणू लागले. पोलादाच्या शेफील्ड गावातून 'कॅबरे व्होल्तेर' निघाले. १९८० साली बर्लिनमध्ये निघालेल्या 'आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन' या पथकाने तर ड्रिल मशीन, पोलादी पत्रे आणि भंगारच मंचावर आणले. तेव्हा आमच्या वडिलांना क्रशर ऐकू आला, तो काही कानाचा दोष नव्हता.

या धारेतली एक हकीकत मात्र कामगार वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९८४ च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी खाणी बंद होण्याविरुद्ध संप पुकारला. तो वर्षभर चालला. लंडनच्या 'टेस्ट डिपार्टमेंट' या पथकातली मुले लोखंडी टाक्या, स्प्रिंगा आणि पत्रे बडवून संगीत करीत. ती दक्षिण वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर उभी राहिली. दोघांनी मिळून ध्वनिमुद्रिका काढली, तिचे नाव 'खांद्याला खांदा' अशा अर्थाचे होते. एका बाजूला खाणवाल्यांचे भरदार आवाज, दुसऱ्या बाजूला लोखंडाचे घाव. संप १९८५ च्या मार्चमध्ये मोडला. ध्वनिमुद्रिका राहिली.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच औद्योगिक संगीतातल्या काहींनी लोकांना धक्का देण्यासाठी हिटलरी काळाची चिन्हे आणि क्रौर्याची चित्रे मिरवली. ते बंड नव्हते, बंडाचा आव होता. ज्याच्या घरावर तसे चिन्ह कधी रंगवले गेले नाही, त्यालाच त्याच्याशी खेळणे परवडते. आम्ही चिरंजिवांना एवढेच सांगितले, की आवाज हवा तो ऐक, पण वेष्टनावर काय छापले आहे ते वाचून ऐक.

तिसरी धारा आमच्या अधिक जवळची. तिच्यासाठी जमैका बेटावर किंग्स्टन शहरात जावे लागते. तिथे ऑस्बोर्न रडॉक नावाचा एक कृष्णवर्णीय कारागीर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करीत असे. लोक त्याला किंग टबी म्हणत. गरीब वस्त्यांत मोठमोठे कर्णे लावून नाच-गाण्याचे जलसे होत, त्यांची यंत्रणा तो बांधून देई. तयार गाण्यातला गायकाचा आवाज काढून घ्यायचा, खर्ज आणि ताल उघडा करायचा, मधेच आवाजाचा एखादा तुकडा सोडून त्याला प्रतिध्वनी द्यायचा, असा प्रकार त्याने १९७० च्या दशकात भरभराटीला आणला. त्याला 'डब' म्हणतात. आज जगभर ज्याला रिमिक्स म्हणतात, त्याच्या थोर पूर्वजांत या दुरुस्तीवाल्याची गणना होते. आणि गिब्सनच्या त्या 'न्यूरोमॅन्सर' कादंबरीत अंतराळातल्या वस्तीत राहणारे जमैकन लोक ऐकतात ते हेच डब!

जमैकाहून न्यूयॉर्कला गेलेल्या कूल हर्क या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्स वस्तीत बहिणीच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या. तो दिवस हिपहॉपचा जन्मदिवस मानतात. १९८२ साली त्याच ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटाने क्राफ्टवेर्कची सुरावट घेऊन 'प्लॅनेट रॉक' हे गाणे केले. जर्मनीच्या 'वीज केंद्रा'ची वीज अशी काळ्या वस्तीत पोचली.

तिकडे मोटारींचे कारखाने असलेल्या डेट्रॉईट शहराची अवस्था बिकट होत चालली होती. कारखाने आखडत होते, यंत्रमानव येत होते. त्याच परिसरातल्या वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तीन कृष्णवर्णीय शाळासोबत्यांनी स्वस्त सिंथेसायझर घेऊन 'टेक्नो' घडवले. पुढे १९८० चे दशक सरता सरता तिथल्याच 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या मंडळींनी बड्या कंपन्यांच्या दाराशी न जाता स्वतःच्या ध्वनिमुद्रिका स्वतः काढल्या आणि आपले चेहरे झाकून ठेवले. गाणे ऐका, चेहरा बघू नका, असा त्यामागचा बाणा.

वाचकहो, बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याची चौकशी केली होती. १९७२ साली आमच्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर काढली, ते नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आम्ही त्यांच्या चळवळीशी नाते सांगितले, मग त्यांच्या वस्तीतल्या आवाजाला एकदम 'धांगडधिंगा' म्हणून कसे मोकळे व्हायचे? निदान ऐकून तरी घ्यायला हवे.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशातले. तर आता मुंबईची गोष्ट ऐका. चरणजित सिंग नावाचे वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार आणि इतर वाद्ये वाजवीत. त्यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे समोर ठेवून यमन, भैरवी, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवले. त्यातले एक यंत्र तालाचे, दुसरे सिंथेसायझर आणि तिसरे खर्जाचे, 'टीबी ३०३' नावाचे. गिटार वाजवणाऱ्याला खर्जाची साथ देण्यासाठी ते काढले होते, पण ते कोणी घेईना आणि लवकरच त्याचे उत्पादन बंद पडले. सिंग यांना मात्र त्यात एक गंमत सापडली. ते यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात, तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट. ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी काढली, पण लोकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या काळ्या तरुणांनी तेच टीबी ३०३ पिळून 'ॲसिड' नावाचे संगीत काढले आणि ते जगभर गाजले. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत सिंग यांची जुनी तबकडी सापडली. वाजवून पाहतो तर काय, शिकागोच्या आधीच मुंबईत तसाच आवाज निघालेला! २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, म्हाताऱ्या वादकाला युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते मुंबईत वारले. शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकली होती असा पुरावा नाही. म्हणजे दोन ठिकाणच्या माणसांना एकाच टाकाऊ यंत्रात एकच रत्न सापडले. आपल्या माणसाने काय केले हे आपल्याला परक्याने येऊन सांगावे लागले, याची खंत मात्र वाटते.

आता आपल्या वस्तीत येऊ. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा याच नाशिक जिल्ह्यातून निघाला. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि माणसाचा गळा, एवढ्या भांडवलावर त्यांनी गावोगाव विचार पोचवला. तेव्हा खेड्यात वीज नव्हती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ पर्यंत लिहीत आणि गात राहिले. त्यांच्या गाण्यातला एकेक शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळायचा. मग ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि भीमगीते घराघरात, टपरीटपरीवर वाजू लागली. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरची फीत गुंतली की आम्ही पेन्सिलने ती फिरवून बसवायचो, हे अजून आठवते.

त्याच काळात आली बेंजो पार्टी. हा आपला बेंजो म्हणजे काय ठाऊक आहे? १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाईपरायटरसारख्या कळा बसवून एक तंतुवाद्य केले. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले. आमच्या पोरांनी त्याला विजेचा पिकअप बसवला, कर्ण्याला जोडला आणि हातगाडीवर चढवून मिरवणुकीत आणला. जोडीला कॅसिओ आणि ऑक्टोपॅड. जपानी घरात बसून वाजवायचे नाजूक वाद्य महाराष्ट्राच्या रस्त्यावर गर्जू लागले! किंग्स्टनच्या दुरुस्तीवाल्याने केले, शिकागोच्या पोरांनी केले, तेच आमच्या बेंजोवाल्यांनी केले. फरक एवढाच, की त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले आणि आमच्या बेंजोवाल्याला लोक अजून सुपारी ठरवतानाच ओळखतात.

म्हणून समितीच्या बैठकीत आम्ही तरुणांची बाजू मांडली. यंत्र परके असते, ते हाताळणारा हात आपला असतो, असे म्हणालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा आमच्या विहाराचे एक ज्येष्ठ दादा उठले. वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी जलशांना डफावर साथ केलेली. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, बेंजो आला तेव्हा मीही नाही म्हटलं नव्हतं. पण मागच्या मिरवणुकीत दोन तास चाललो, त्यात बाबासाहेबांचं नाव सोडलं तर एक शब्द कळला नाही. जलसा शब्दासाठी होता. शब्द गेला तर आपण नेमकं काय घेऊन चाललोय?"

सभा गप्प झाली. आमच्याकडेही उत्तर नव्हते. कारण दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका मिरवणुकीत आम्ही डीजेच्या भिंतीजवळून चाललो होतो आणि नंतर दोन दिवस आमच्या कानात शिट्टी वाजत होती. ही गोष्ट आम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी बैठकीत सांगितली.

मग चिरंजीव उठले आणि आम्हाला वाटले होते त्याहून समजुतीचे बोलले. म्हणाले, "आजोबांना विचारा, प्लांटमध्ये आवाजाच्या जागी जाताना काय करायचं असतं?" वडील म्हणाले, "कान झाकायचे."

इथे थोडा हिशोब देतो, तो प्रत्येक घरात सांगावा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते. कामगारांच्या आरोग्याविषयीची अमेरिकन संस्था सांगते, की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांच्या वर राहू नये. ८८ असेल तर ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे. डीजेच्या भिंतीसमोर आवाज १०० च्या पार सहज जातो. म्हणजे बाप कारखान्यात कान झाकून काम करतो आणि पोरगा रस्त्यावर उघड्या कानांनी तासन्‌तास नाचतो! कानाच्या आतल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हेडफोनचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सांगते. आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवावा, मधूनमधून कान मोकळे करावेत. शेजारच्या माणसाला आपला हेडफोन ऐकू येत असेल तर तो नक्कीच मोठा आहे.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. ज्यांनी देशाला संविधान दिले, त्यांच्या जयंतीला पोलिसाने येऊन मशीन बंद करावे, यात शोभा कोणाची?

बैठकीत शेवटी असे ठरले, की बॉक्सची भिंत नको, दोनच बॉक्स घ्यायचे. दहाच्या आत सगळे बंद. लहान मुले आणि म्हातारी माणसे बॉक्सपुढे चालणार नाहीत. आणि ट्रॅक मुलांनी करावा, पण तो आधी विहारात दादांना ऐकवावा. त्यांना शब्द कळले तरच तो रस्त्यावर जाईल.

पुढचा महिना आमच्या घरात कसा गेला ते विचारू नका. चिरंजिवांनी मोबाईल घेऊन कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव टिपून आणला आणि तो तानपुऱ्यासारखा खाली धरला. वडिलांच्या पितळी डब्यावर चमचा आपटून ठेका घेतला. ढोलकी शेजारच्या काकांनी वाजवली. आमच्या पुतणीने एक जुने भीमगीत गायले. चार वेळा गायले, कारण चिरंजीव प्रत्येक वेळी म्हणत, "ताई, अजून शब्द स्वच्छ पाहिजे." अशी तक्रार त्यांच्या तोंडून ऐकून सौ. माझ्याकडे पाहून हसली.

बुद्धवंदनेनंतर विहारात ट्रॅक लावला. आधी आपली ओळखीची घरघर आली. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, कोणीतरी खिडकीकडेही पाहिले. मग त्या घरघरीतून स्वर वर आला, डब्याचा ठेका पडला, ढोलकी मिसळली आणि पुतणीचा आवाज सगळ्यांच्या वर मोकळा उभा राहिला. मधे क्षणभर सारी वाद्ये थांबली आणि एकच ओळ प्रतिध्वनीसह घुमली. किंग टबीची ती युक्ती आम्ही ओळखली! वडील मान खाली घालून ऐकत होते. गाणे संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "रात्रपाळीला असंच वाटायचं."

आता सगळ्यांचे डोळे दादांकडे. ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "शब्द कळले." पोरांनी एकच गलका केला. तो थांबल्यावर दादा पुढे म्हणाले, "पण मधला तो धडधडाट मला अजून आवडला नाही. आणि डफ कुठाय? पुढच्या वेळी मला बोलवा."

पालक बंधू-भगिनींनो, मुलाच्या कानातला हेडफोन एकदा आपल्या कानाला लावून पाहा. आवडलाच पाहिजे असे नाही. मात्र तो आवाज कोठून आला, कोणी केला, कशातून केला, हे मुलाला विचारा. त्याला ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. आम्ही शोधले, तर वाटेत खाणकामगार भेटले, रेडिओ दुरुस्त करणारा भेटला, मोटार कारखान्याच्या गावची पोरे भेटली, आणि शेवटी आमचाच ट्रान्सफॉर्मर भेटला. आणि मुलांनो, तुम्हीही एकदा आजोबांना विचारा, की त्यांच्या वेळी काय वाजत होते. दादांचा डफ विहाराच्या कपाटात आहे. त्याचे कातडे सैल झाले होते. परवा आमचे चिरंजीव तो उन्हात ठेवून तापवीत बसले होते.

जयभीम!